शुभेच्छापत्राचे माप

घरी बसून, हाताने शुभेच्छापत्रे तयार करून ती विकावी, असे ज्याच्या मनात येते त्याला पहिला प्रश्न पडतो तो चित्राचा. पणती काढावी की गुढी, बेथलेहेमचा तारा दाखवावा की गव्हाण, मजकूर भारदस्त असावा की साधा, याचा खल दिवसेंदिवस चालतो. मापाचा प्रश्न अगदी शेवटी, हाती कात्री आल्यावर उपस्थित होतो. आणि तोही बहुधा 'कागद एवढा आहे, त्याचे चार तुकडे करू' अशा तोडीने निकालात निघतो. पुढे त्या मापाचे पाकीट मिळत नाही. मिळालेच तर पत्र त्यात डुगडुगते, नाही तर कोपरा दुमडल्यावाचून आत शिरत नाही. ज्या गृहिणीने किंवा ज्या शाळकरी मुलांनी रात्री जागून पन्नास पत्रे रंगविली, त्यांच्या पदरी कागदाचा खर्च वजा जाता काहीच उरत नाही. चित्र वाईट होते म्हणून असे होते काय? मुळीच नाही. माप चुकलेले असते. आणि हे माप ठरविण्याचा अधिकार चित्रकाराकडे फारसा कधी नव्हताच, ही गोष्ट इतिहासात डोकावले म्हणजे ध्यानात येते.

कागद हाताने होत असे त्या काळी मापाचा पहिला धनी म्हणजे कागदी. चिंध्यांचा किंवा तागाचा लगदा पाण्यात कालवावयाचा, चौकटीवर ताणलेली बारीक काड्यांची चटई त्यात बुडवून उचलावयाची, पाणी निथळले की चटईवर राहील तो एक ताव. जुन्नरी कागद असो, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा असो, की युरोपातला असो, रीत मूलतः हीच. ओला लगदा भरलेली चौकट दोन हातांनी तोलून, एका बाजूस कलंडू न देता उचलावयाची असल्यामुळे तावाची लांबीरुंदी माणसाच्या बाहूंच्या आवाक्यापलीकडे सहसा जात नसे. पेशवे दफ्तरातले कारकून लांबच लांब मजकुरासाठी कागद एकाखाली एक चिकटवीत, त्याचेही मूळ कारण हेच होय. कागद हवा तेवढा लांब कोणी काढून देत नव्हते.

युरोपात या मापांवर राज्यसत्तेने नजर ठेवली ती बरीच लवकर. इटलीतील बोलोन्या नगरात चौदाव्या शतकाच्या अखेरीचा, १३८९ या सालाचा म्हणून सांगितला जाणारा, एक दगड जपून ठेवलेला आहे. त्यावर चार चौकटी, एकीत एक, अशा कोरलेल्या असून नगरातील कागद्यांनी याच चार मापांचे साचे वापरावेत असा दंडक लिहिलेला आहे. सर्वांत मोठी चौकट सुमारे ७४ सेंटिमीटर लांब व ५० रुंद, सर्वांत धाकटी सुमारे ४५ लांब व ३१.५ रुंद. या धाकट्या तावाची मधोमध एक घडी घातली तर होणारे पान आजच्या आपल्या ए-४ कागदाहून किंचितच मोठे भरते. सव्वासहाशे वर्षे लोटली. माणसाचा हात आणि डोळा तोच असल्यामुळे पानही फारसे बदलले नाही.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली ती मापे इंग्लंडातल्या कागद्यांची. डेमी, क्राउन, रॉयल, फुलस्केप ही नावे मराठी छापखान्यांत इतकी रुळली की जुने खिळे-जुळारी ती मराठीच समजत असावेत. पुस्तकाच्या जाहिरातीत 'क्राउन अष्टपत्री' किंवा 'डेमी आकार' असे छापण्याची पद्धत कित्येक वर्षे होती. यांतल्या फुलस्केपाची कथा गमतीची आहे. विदूषकाच्या घुंगुरवाल्या टोपीचे जलचिन्ह ज्या कागदावर असे त्या तावाचे हे नाव. सरकारी कचेऱ्यांतून न्यायनिवाड्याचे सारे गंभीर लिखाण दीडशे वर्षे विदूषकाच्या टोपीवर चालले होते, हे कोणाही कारकुनाच्या लक्षात आले नसेल!

शुभेच्छा लिहून देण्याची चाल मात्र इंग्रजांहून जुनी. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मन मुलुखात नववर्षासाठी लाकडी ठशांची चित्रे छापली जात. त्यांत बाळ येशू आणि जवळच 'वर्ष सुखाचे जावो' अशा अर्थाची ओळ असे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील मठांतून जोगिणी बारीक सुरीने कागद कोरून त्याची जाळी करीत आणि मध्ये एखाद्या संताचे चित्र रंगवीत. आमच्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनापुस्तकाच्या पानांत खूण म्हणून जी लहान पवित्र चित्रे ठेवलेली असतात त्यांचे हे पूर्वज. त्यांचे माप पुस्तकाने ठरविले. जे चित्र प्रार्थनापुस्तकात मावत नाही ते जवळ राहत नाही, इतका साधा हिशेब त्या जोगिणींना कळत होता. हस्तकला विकणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी उचलावे: घेणारा ही वस्तू ठेवणार कोठे, हा प्रश्न मापाच्या मुळाशी असतो.

आता टपालाकडे वळू. कारण शुभेच्छापत्राचा खरा जन्म टपालकचेरीत झाला, चित्रशाळेत झाला नाही. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचा हशील दोन गोष्टींवर ठरे: अंतर किती आणि आत कागदाचे ताव किती. एक ताव असेल तर एक आकार, दोन असतील तर दुप्पट. लखोटा वापरला तर तोही एक ताव धरला जाई. त्यामुळे शहाणा माणूस लखोटा वापरीत नसे. पत्राचाच कागद चारी बाजूंनी दुमडून, लाख लावून, वर पत्ता लिही. अशा व्यवस्थेत जाड पुठ्ठ्याचे चित्र लखोट्यात घालून पाठविणे म्हणजे उधळपट्टीच. रोलंड हिल याच्या योजनेप्रमाणे जानेवारी १८४० पासून देशात कोठेही अर्धा औंस वजनापर्यंत एक पेनी असा एकच दर ठरला. कर मोजण्याची काठी बदलली. ताव मोजणे संपले, तराजू आला. अर्ध्या औंसात जे बसेल ते, मग आत एक कागद असो की तीन, एका पेनीत जाऊ लागले. लखोटा फुकट झाला म्हणावयास हरकत नाही, आणि लखोट्याबरोबर त्यात बसेल असे पत्र, ही कल्पना शक्य झाली. १८४५ मध्ये रोलंडचा भाऊ एडविन हिल आणि वॉरन द ला रू यांनी लखोटे दुमडण्याच्या यंत्राचे हक्क नोंदविले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. यंत्राने लखोटा करावयाचा म्हटले की मापे मोजकीच ठेवावी लागतात. तेथून पुढे लखोटा आधी आणि पत्र मागून, असा क्रम लागला.

या पेनी टपालाच्या कामी हिलला साहाय्य करणारा एक धडाडीचा अधिकारी होता, हेन्री कोल. १८४३ च्या नाताळात ढीगभर पत्रांना उत्तरे लिहिण्यास सवड मिळेना, तेव्हा त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. मध्यभागी मेजाभोवती जमलेले कुटुंब प्याले उंचावीत आहे. दोन्ही बाजूंस गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याचे प्रसंग. खाली नाताळच्या व नववर्षाच्या शुभेच्छा. पत्राचे माप सुमारे सव्वापाच इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद. त्याला घडी नव्हती, ते एकेरी पुठ्ठ्याचे होते. शिळाप्रेसवर त्याच्या प्रती काढल्या आणि रंग मात्र एकेका प्रतीवर हाताने भरले. कोलच्या गरजेहून उरलेल्या प्रती जोसेफ कंडॉल या प्रकाशकाकडून प्रत्येकी एक शिलिंगाला विकावयास ठेविल्या. म्हणजे विकावयाचे पहिले नाताळपत्र हे हातकामाचेच होते, ही गोष्ट आजच्या हातकाम करणाऱ्यांनी अभिमानाने सांगावी. चित्रातले लहान मूलही मद्याचा घोट घेते म्हणून मद्यपानविरोधी मंडळींनी त्यावर टीका केली. पण माझ्या मते त्याची खरी अडचण किमतीत होती. पाठविण्यास एक पेनी आणि पत्रास बारा पेन्या, हे गणित सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. बरीच वर्षे कोणी त्याचे अनुकरण केले नाही ते यामुळेच असावे.

अनुकरण झाले ते दोन दशकांनी, आणि तेही एका अनपेक्षित दारातून. १८६२ मध्ये लंडनच्या चार्ल्स गुडॉल या पेढीने नाताळच्या शुभेच्छा छापलेली लहान पत्रे बाजारात आणली. ही पेढी होती खेळण्याचे पत्ते करणारी. पुठ्ठा चिकटविणे, घोटणे आणि शेकड्याने एकसारखा कापणे हा तिचा रोजचा धंदा. म्हणून तिची ही नवी पत्रे भेटकार्डाच्या मापाची निघाली. त्या मापाचा पुठ्ठा हाताशी होता, कापण्याची सोय होती आणि त्या मापाचे लखोटेही बाजारात तयार होते. त्याच सुमारास फ्रान्समधल्या दिस्देरीने १८५४ साली हक्क घेतलेली भेटकार्डाएवढी छायाचित्रे घरोघर पोचली होती, आणि ती लावण्याचे आल्बम दिवाणखान्यात ठेवण्याची टूम निघाली होती. प्रार्थनापुस्तकाने जे केले तेच येथे आल्बमाने केले.

अमेरिकेत हाच धंदा एका तरुण स्त्रीने कसा उभा केला, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वुस्टर या गावी हाउलंड नावाच्या गृहस्थांचे पुस्तकांचे व लेखनसाहित्याचे दुकान होते. त्यांची कन्या एस्थर १८४७ मध्ये माउंट होल्योक या स्त्रियांच्या विद्यालयातून शिक्षण पुरे करून घरी आली. त्या सुमारास तिला इंग्लंडातून आलेले एक नक्षीदार प्रेमपत्र, सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवसाचे, मिळाले. जाळीदार कागद, रंगीत चित्रे, मध्ये कविता. असे आपल्याला करता येईल, असे तिला वाटले. वडिलांकडून जाळीचा व रंगीत कागद मागवून तिने डझनभर नमुने केले आणि दुकानाच्या मालासाठी फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ठेवून दिले. दोनशे डॉलरांची मागणी आली तर पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ परत आला तो पाच हजार डॉलरांहून अधिक किमतीच्या मागण्या घेऊन!

एकटीने हे होणे नव्हते. तिने मैत्रिणी बोलाविल्या आणि वडिलांच्या घरात वरच्या मजल्यावर मेजे मांडली. एकीने चित्रे कातरावयाची, दुसरीने जाळीचा कागद पायाच्या कागदावर बसवावयाचा, तिसरीने त्याखाली रंगीत कागदाचा तुकडा सरकवावयाचा म्हणजे जाळीतून रंग दिसेल, चौथीने खळ लावावयाची. नमुना एस्थरचा, प्रत्येकीने त्याबरहुकूम एकच काम करावयाचे. ज्यांना घर सोडून येणे शक्य नसे त्यांच्याकडे सामानाची पेटी नमुन्यासह पाठविली जाई आणि आठवड्याने तयार माल परत आणला जाई. १८५० च्या फेब्रुवारीत तिची जाहिरात गावच्या वर्तमानपत्रात झळकली. किमती पाच सेंटांपासून कित्येक डॉलरांपर्यंत चढत जात, आणि पत्राच्या पाठीमागे कोपऱ्यात तांबड्या शाईने तिच्या नावाचे आद्याक्षर असे.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याकडे चरित्रकार फारसे पाहत नाहीत. चार जणींनी चार ठिकाणी केलेले तुकडे एकमेकांवर अचूक बसावयाचे असतील तर मापे आधी ठरलेली असली पाहिजेत. पायाचा कागद, जाळी, खालचा रंगीत तुकडा, आतली कविता आणि बाहेरचा लखोटा ही सारी एका कुळातली हवीत. वैविध्य हवे ते चित्रात आणि रंगात. १८७९ मध्ये तिच्या कंपनीने कवितांची एक लहान पुस्तिकाच छापली. गिऱ्हाइकाला पत्र आवडले पण आतली कविता आवडली नाही, तर पुस्तिकेतून दुसरी निवडावी आणि जुनीवर ती चिकटवून घ्यावी, अशी सोय होती. दोन्ही कविता एकाच मापाच्या चिठोऱ्यावर नसत्या तर हे कसे साधले असते? १८८१ च्या सुमारास आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी तिने धंदा जॉर्ज व्हिटनी या प्रतिस्पर्ध्याला विकला. तोपर्यंत बॉस्टनच्या लुई प्रँगने रंगीत शिळाछापाची नाताळपत्रे अमेरिकेत आणली होती, आणि काळ यंत्राच्या बाजूस झुकला होता. तरीही घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांना तीसेक वर्षे रोजगार देणारा हा धंदा एका बाईने कातर, खळ आणि पट्टी यांवर चालविला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आपल्या देशाचे टपाल १८५४ च्या ऑक्टोबरात एका दराखाली आले. अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमही भरत नाही. आजच्या साध्या ए-४ कागदाचे वजन सुमारे पाच ग्रॅम असते. म्हणजे तेव्हाच्या अर्ध्या आण्यात अर्ध्याहून थोडा अधिक कागद गेला असता! अशा स्थितीत पुठ्ठ्याची चित्रे पाठविण्याची चैन हिंदुस्थानात कोण करणार? आपल्याकडे सर्वसामान्यांचे शुभवर्तमान नेले ते १ जुलै १८७९ रोजी निघालेल्या पाव आण्याच्या पोस्टकार्डाने. पोस्टकार्ड ही कल्पना ऑस्ट्रियाने १८६९ मध्ये प्रथम अमलात आणली होती. कार्डाला पाकीट नाही, घडी नाही, आणि माप सरकारने ठरविलेले. कालांतराने १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद हे माप आपल्याकडे इतके अंगवळणी पडले की तेवढ्या जागेत क्षेमकुशल, लग्नाची बोलणी आणि पैशांची मागणी हे सारे बसविण्याची एक स्वतंत्र लेखनकलाच मराठी माणसाने निर्माण केली. शुभेच्छापत्रे पाकिटाची जिभली न चिकटविता, नुसती आत खोचून, कमी दराच्या बुक-पोस्टाने पाठविण्याची चालही आपल्याकडे कित्येक दशके होती. आंतरराष्ट्रीय टपालातही छापील पत्रावर हाताने पाच शब्दांपर्यंत अभिवादन लिहिण्याची सवलत असे. पाच शब्दांत मराठी माणसाचे समाधान कसे होत असेल, हा प्रश्न निराळा.

आता आज आपण ज्या मापाने कागद विकत घेतो त्याची हकीकत. जर्मनीत गटिंगेन येथे लिख्टेनबर्ग नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ऑक्टोबर १७८६ मध्ये त्यांनी योहान बेकमान या मित्राला लिहिलेल्या पत्रात एक मौज कळविली आहे. असा कागद कोणता, की ज्याची मधोमध घडी घातली तरी त्याचा घाट पूर्वीचाच राहील? उत्तर निघते ते असे: लांब बाजू ही आखूड बाजूच्या दोनाच्या वर्गमुळाइतकी पट, म्हणजे सुमारे १.४१४ पट असली पाहिजे. १७९८ मध्ये फ्रान्सच्या मुद्रांक-कराच्या कायद्यात याच घाटाचे काही ताव आढळतात, पण ते मागे पडले. १९२२ मध्ये वॉल्टर पोर्स्टमान या जर्मन गणितज्ञाच्या खटपटीने ही कल्पना राष्ट्रीय प्रमाण झाली. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा ताव धरावयाचा आणि त्याची अर्धी, अर्ध्याची अर्धी अशी मापे करीत जावयाचे. चौथ्या घडीला २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ए-४, पाचव्या घडीला ए-५, सहाव्या घडीला १०५ गुणिले १४८ चा ए-६. त्या ए-६ साठी ११४ गुणिले १६२ चे पाकीट. हिंदुस्थानने ही पद्धत १९५७ च्या सुमारास पत्करली. दशमान नाणी आली ते वर्षही हेच. जगाचे प्रमाण म्हणून तिच्यावर शिक्कामोर्तब झाले १९७५ मध्ये.

या पद्धतीत शुभेच्छापत्र करणाराचे दोन फायदे आहेत. ए-४ पुठ्ठा मधोमध कापला की दोन ए-५ तुकडे. प्रत्येकाची एक घडी घातली की ए-६ ची दोन पत्रे. कपटासुद्धा वाया जात नाही. दुसरे, वजनाचा हिशेब तोंडी होतो. ए-५ तुकडा म्हणजे चौरस मीटरचा बत्तिसावा भाग. कागद दर चौरस मीटरला १६० ग्रॅमचा असेल तर पत्राचे वजन पाच ग्रॅम, २४० चा असेल तर साडेसात. पाकीट धरूनही पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात ते आरामात राहते.

परदेशी नमुने पाहून काम करणारांनी मात्र सावध राहावे. अमेरिकेने ही मापे घेतली नाहीत. तेथे साडेआठ गुणिले अकरा इंचांचा कागद चालतो, आणि त्याच्या अर्ध्याची घडी घालून होणाऱ्या सव्वाचार गुणिले साडेपाच इंचांच्या पत्राला जे पाकीट लागते त्याला तेथे 'ए-२' म्हणतात. आपला ए-२ म्हणजे भिंतीवर लावण्याच्या नकाशाएवढा ताव. नाव एकच आणि वस्तू दोन, हा घोटाळा पाकिटे मागविताना महाग पडतो. चौकोनी, चारी बाजू सारख्या असलेले पत्र दिसते फार गोंडस. पण लखोटा चौकोनी असला की टपाल निवडणाऱ्या यंत्राला पत्ता कोणत्या बाजूस आहे ते कळत नाही. अमेरिकेचे टपालखाते म्हणूनच त्याला जादा आकार लावते. जागतिक टपाल संघाचा संकेत लखोटा ९० गुणिले १४० मिलिमीटरहून लहान नसावा असा आहे. आणि प्रमाणित पत्र १२० गुणिले २३५ च्या आत, पाच मिलिमीटरहून जाड नाही, असे धरतात.

ज्यांना हातकागद वापरावयाचा आहे त्यांचा हिशेब याहून निराळा. हातकागदाचा धंदा आपल्याकडे गिरण्यांच्या कागदापुढे मोडकळीस आला होता. १९३४ मध्ये वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, त्याला पुन्हा हात दिला, पुण्यास के. बी. जोशी यांच्या परिश्रमाने १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. या कागदाचा ताव आजही बहुधा २२ गुणिले ३० इंचांचा मिळतो. तो ए मालिकेच्या कुळातला नव्हे. त्यातून ए-५ चे तुकडे काढू गेल्यास सरळ मांडणीत दहाच निघतात, उभे-आडवे जुळवून अकरा. आणि तावाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग चिंधी होतो. त्याऐवजी ताव लांबीत चार व रुंदीत चार असा कापला तर साडेसात गुणिले साडेपाच इंचांचे सोळा तुकडे होतात, चिंधी शून्य. घडी घातल्यावर पत्र होते पावणेचार गुणिले साडेपाच इंचांचे. म्हणजे पोस्टकार्डाहून अर्धा सेंटिमीटरच रुंद, आणि कोलच्या पहिल्या नाताळपत्राचे जवळजवळ सख्खे भावंड! शंभर पत्रांना एका हिशेबाने दहा ताव लागतात आणि दुसऱ्याने सात. मोठे पत्र हवेच असेल तर तीन गुणिले तीन असे नऊ भाग करावेत. घडीनंतर पाच गुणिले सव्वासात इंचांहून किंचित मोठे पत्र मिळते. त्याचे पाकीट मात्र त्याच तावातून आपणच कापावे लागेल, आणि तेवढी किंमत गिऱ्हाइकाकडून घ्यावी लागेल. आमच्या शाळांच्या नाताळ-विक्रीत मोठी पत्रे लोक कौतुकाने हाती घेतात आणि लहान विकत घेतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

हातकागदाला यंत्राच्या कागदासारखी एकाच दिशेची धाटणी नसते, त्यामुळे घडी उभी घाला की आडवी, ती सहसा फाटत नाही. गिरणीचा पुठ्ठा मात्र धाटणीच्या आडवा दुमडला की घडीवर पांढरा तडा जातो. एक तुकडा दोन्ही बाजूंनी दुमडून पाहावा आणि मग सारा दस्ता कापावा. हातकागदाच्या चारी कडा खरबरीत असतात. ती त्याची शोभा. ती कापून टाकू नये. आतील तुकड्यांनाही तशी कड हवी असेल तर पट्टी धरून ओल्या कुंचल्याची रेघ ओढावी आणि कागद हलके फाडावा. अशा कडेमुळे पत्र दोन-तीन मिलिमीटर फुगते, हे पाकीट मोजताना विसरू नये. सपाट पत्राला चारी बाजूंस पाव इंचाहून थोडी कमी मोकळीक पुरते. वर कापड, टिकली किंवा वाळलेले फूल चिकटविले असेल तर अधिक लागते.

संक्रांतीची पत्रे करणारांची गोष्ट आणखी निराळी. बडोद्यापासून बेळगावापर्यंत मराठी घरांतून तिळगुळाची पत्रे टपालाने जात, आणि आत चार दाणे काटेरी हलव्याचे असत. हलव्याचा दाणा जाड. पत्राच्या दोन घड्यांमध्ये त्याला जागा लागते, आणि एकावर एक दाणा आला की पाच मिलिमीटरांची मर्यादा गेलीच. दाणे एका ओळीत, पातळ कागदाच्या पुडीत बसवावेत. आणि ती पुडी पत्राच्या डाव्या अंगास, खालच्या बाजूस चिकटवावी. तिकीट लावतात उजव्या कोपऱ्यात वर, आणि टपालाचा शिक्का पडतो तो तेथेच.